वरचा स्वल्पविराम

त्या काळी पेणला इंग्रजी आठवीत सुरू होई. सहामाहीत सरू इंग्रजीत नापास झाली तेव्हा तिचे वडील, गणपतीच्या कारखान्याचे दिनानाथ, चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, "वार्षिक परीक्षेतही असंच झालं तर शाळा पुरे. रोह्याला आत्याकडे जायचं. तिनं स्थळ बघून ठेवलंय."

तेव्हापासून रोह्याची यष्टी नुसती रस्त्यानं गेली तरी सरू दाराआड सरके.

वार्षिक जवळ आली. कमळाकर मास्तरांनी तिला फळ्याशी बोलावलं. "लिही इंग्रजीत. मुलीचं पुस्तक. मुलींची शाळा."

सरूनं झरझर लिहिलं. स्पेलिंग बरोबर, एसही जागच्या जागी. पण वरचा स्वल्पविराम, तो अपॉस्ट्रॉफी, कुठंच नाही.

"पुन्हा तेच! एकीचं असेल तर एसच्या आधी, अनेकींचं असेल तर एसच्या नंतर. कितीदा सांगू?"

"ठाऊक आहे, गुरुजी."

"मग घाल की!"

खडू फळ्यापर्यंत गेला आणि तिथंच थांबला.

"घाल गो," मागून मैना म्हणाली, "मास्तर काय खातायत तुला?"

"शेवटची खूण मोठं माणूस करतं, गुरुजी," सरू कशीबशी म्हणाली. "आमच्याकडं मूर्तीचे डोळे बाबाच आखतात. कान्हूदादानं एकदा कुंचला लावला. डोळा तिरका गेला. बाबांनी सगळ्यांसमोर अख्खी मूर्ती मोडली. दादाला परत हात लावू दिला नाही."

मास्तरांनी टेबलावरचं डस्टर उचलून तिच्या डाव्या हातात दिलं. "इथं चुकलं तर पुसायचं. मोडायचं काही नाही."

पुस्तकाचा स्वल्पविराम बरोबर पडला. शाळेचा मात्र घाईत एसच्या आधी गेला.

"अगो बाई, एकाच मुलीची शाळा!" मैना ओरडली. "मग आम्ही जायचं कुठं?"

सारा वर्ग हसला. सरूनं डोळे घट्ट मिटून घेतले. आता काहीतरी फुटणार, आदळणार. पण हसणं विरलं तरी काहीच झालं नाही. तिनं पुसलं, आणि एसच्या पुढं खूण केली.

वार्षिक परीक्षेच्या पेपरात दोन ठिकाणी खाडाखोड झाली. पण एकही जागा तिनं कोरी सोडली नाही.

निकालानंतर दिनानाथांनी रोह्याला निरोप धाडला, "पोरगी नववीत गेली. त्या स्थळाच्या मंडळींना म्हणावं, आमच्यासाठी थांबू नका."