थांबण्याचं कसब

"मागून ढकलू नकोस, अरू. पाय जमिनीला चिकटलेत," स्वयंपाकघराच्या दारात थिजून उभे असलेले दीनानाथ म्हणाले.

पार्किन्सन्स झाल्यापासून हे रोजचंच होतं. जर्मनीत ब्राउनश्वाइगला गिअरबॉक्स जुळवण्यात ज्यांची सगळी हयात गेली, त्यांना आता साधं दार ओलांडवत नव्हतं. एरवी अरुंधती गुपचूप वाट बघायची. आज तिच्या डोक्यात काहीतरी घोळत होतं. फोल्क्सहोखशूलमध्ये, म्हणजे तिथल्या प्रौढांच्या शाळेत, ती संध्याकाळी ताओ तत्त्वज्ञानाच्या वर्गाला जायची. खरं तर घराबाहेर पडायचं निमित्त म्हणून.

"अहो, काल वर्गात आमच्या बाई, फ्राऊ लेन्त्स, काय म्हणाल्या सांगू? जुन्या चिनी ताओवाद्यांच्या मते कसब अंगात मुरलं, की माणूस हातपाय विसरतो. मग काम आपसूक होतं. लक्ष घालायला गेलं की बिघडतं."

"मी तर चालायचंच विसरलोय."

"चालणं नाही हो, सायकल! शाळेपासून चालवताय ना?"

"आल्झो, म्हणजे वेडच लागलंय तुला."

पण त्यांचे डोळे चमकलेले तिने पाहिले. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "काहींना जमतं. हेल्मेट घाला, आणि रस्त्यावर मुळीच नको."

रविवारी तिने तळघरातली सायकल मागच्या अंगणात आणली. दीनानाथ कसेबसे सीटवर बसले. तिने कॅरिअर घट्ट धरलं.

"पायांकडे बघू नका. समोर त्या झाडाकडे बघा."

पेडल फिरलं. कॅरिअर तिच्या हातातून निसटलं. आणि दीनानाथ निघाले की! ना थरथर, ना अडखळणं. वळणावर त्यांनी चक्क घंटी वाजवली. अरुंधती तोंडावर हात ठेवून हसत राहिली. असं होतं तरी कसं? पाय तेच, माणूस तोच.

दुसऱ्या फेरीला त्यांचा आवाज बदलला. "अरू, उतरायचं कसं?"

उतरायचं म्हणजे पाय टेकायचा. इथवर तिने विचारच केला नव्हता.

"उतरू नका! अजून एक फेरी मारा, मग इकडे गवतात वळा!"

चपला भिरकावून ती हिरवळीवर पाय रोवून उभी राहिली. सायकल गवतात शिरून मंदावली, तसं तिने हँडल गच्च पकडलं. दीनानाथांनी सगळा भार तिच्या खांद्यावर टाकला. पाय अजून पेडलवरच होते. ती वाकली, एका हाताने त्यांचा बूट उचलला आणि हलकेच गवतात टेकवला.

"उद्या पुन्हा?" वरून धापा टाकत त्यांनी विचारलं.

"आधी हा दुसरा पाय," ती म्हणाली.