लिंबाच्या झुडपावरचा कोश

आजोबांनी आयुष्यभर लोकांचे केस कापले. सलून विकून टाकलं तरी कात्री काही त्यांच्या खिशातून गेली नाही. कुठेही काही वाढलेलं दिसलं की त्यांचे हात शिवशिवत.

पण घरातल्या घरात नातीच्या केसांना हात लावायची सोय नव्हती. लेकीला परगावी नोकरी लागली होती. तिथे नीट बस्तान बसेपर्यंत सुट्टीभर नात आजोबांकडे राहणार होती, आणि हे ठरवताना आपल्याला कोणी विचारलं नाही म्हणून ती जगावर रुसली होती. तिच्या बटा नाकाशी आल्या होत्या. "डोळ्यांपुरत्या कापू का?" असं आजोबांनी विचारलं, तर "आई कापेल," म्हणून तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. लेक फोनवर म्हणाली, "बाबा, ती रमली नाही तर मी नोकरी सोडून येते." "रमेल, रमेल," म्हणून आजोबांनी वेळ मारून नेली. एवढ्या खटपटीने मिळालेली नोकरी पोरीच्या हातून जायला नको होती.

नातीची गाडी रुळावर आली ती कोपऱ्यावरच्या बागेत. उन्हाने गवत करपलं होतं, पण गळक्या नळापाशी चिखल होता आणि त्या चिखलावर फुलपाखरं बसत.

"आजोबा, ते पिवळं बघा."

"दिसलं, दिसलं."

खरं तर आजोबांना नुसती फडफड दिसे, आणि तीही कधीमधी. पण पोर तोंड उघडतेय तर मोडता कशाला घाला? मग तिने लिंबाच्या झुडपावर हिरवी अळी शोधली. काडीने टोचल्यावर अळीने डोक्यातून नारिंगी शिंगं काढली, वास सोडला, आणि नात खदखदून हसली. पुढे एके दिवशी तिने त्याच झुडपावर कोश दाखवला. "अगदी पानासारखा आहे. स्वतःला धाग्याने बांधून घेतलंय बघा."

"झकास," आजोबा म्हणाले. ते बघत होते भलत्याच फांदीकडे.

दुसऱ्या दिवशी सकाळी नात झोपली होती, म्हणून आजोबा एकटेच बागेत गेले. लिंबाच्या फांद्या वाटेवर आल्या होत्या. माळ्याशी हवापाण्याच्या गप्पा रंगल्या आणि हात आपोआप चालू लागले. झुडूप असं बेतशीर झालं की आजोबा स्वतःवरच खूश. माळ्याने फांद्या झाडून पालापाचोळ्याच्या ढिगावर टाकल्या.

ऊन उतरल्यावर नात झुडपासमोर उभी राहिली. बराच वेळ शोधल्यावर म्हणाली, "कोश कापला कोणी तरी."

माळ्याचं नाव आजोबांच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं.

"मी कापला."

"पण तुम्हाला तर दाखवला होता."

"मला तो दिसलाच नव्हता, बाळा. बरीचशी फुलपाखरंही दिसली नव्हती. तू बोलत होतीस ते बरं वाटायचं, म्हणून मी हो म्हणत गेलो."

नातीचा चेहरा एवढासा झाला. आता ही परत भिंतीकडे वळणार, लेक नोकरी सोडणार, आणि सगळं आपल्या कात्रीपायी, असं आजोबांना वाटलं. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

"ढीग कुठे आहे?" नातीने विचारलं.

दोघं ढिगाशी बसले. नजर तिची, बोटं आजोबांची. गुंतलेल्या बटा न ओढता सोडवणारी ती बोटं एकेक काटेरी डहाळी अलगद मोकळी करत राहिली. दिवस कलता कलता ती ओरडली, "थांबा. हलू नका." कोश शाबूत होता. आजोबांनी ती डहाळी झुडपाच्या आतल्या फांदीला दोऱ्याने उभी बांधली. कोश जगेल की नाही, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं.

त्यानंतर रोज सकाळी बागेत पहारा सुरू झाला. लेकीचा फोन आला, "येऊ का गं न्यायला?" तर नात म्हणाली, "आत्ता नको. आमचं काम चालू आहे." फोन ठेवल्यावर आजोबांनी उगाचच चष्मा पुसला.

एका सकाळी कोश काळपट दिसला. थोड्या वेळाने तो उकलला आणि चुरगळलेलं, ओलं काहीतरी बाहेर येऊन लोंबकळलं.

"दिसतंय का? खरं सांगा."

"नाही. कुठे आहे?"

तिने त्यांचं बोट धरून नेमकं तिथवर नेलं. हळूहळू पंख सुटे झाले, काळ्यावर पिवळे ठिपके उमटले, आणि आजोबांना दिसलं.

"दिसलं," ते म्हणाले.

नातीने डोळ्यांवरच्या बटा मागे सारल्या. त्या पुन्हा पुढे आल्या. पुन्हा सारल्या, पुन्हा आल्या.

"आजोबा, कात्री आहे ना?"

"आहे की."

"मग कापा. डोळ्यांपुरत्याच. मला ते उडताना बघायचंय."

आजोबांनी कात्री काढली, बट चिमटीत धरली आणि थांबले.

"आधी नीट बघून सांग," ते म्हणाले. "हिच्यावर कोणी राहत तर नाही ना?"