फुलांखालचा निरोप

आमच्या ग्रुपचं नाव ‘लातूर मुक्कामी पालक’. लेकरांना डॉक्टर करायचं म्हणून गावं सोडून लातुरात भाड्याच्या खोल्यांत राहायला आलेली आम्ही माणसं. लेकरं क्लासला गेली की आम्ही भाजी निवडतो आणि मोबाईल बघतो. मी निलंग्याकडचा. नात वर्षाराणी अभ्यास करते, बायको कस्तुराबाई स्वयंपाक करते आणि मी स्वागत करतो.

ग्रुप चालवणारा पंढरी एकदा मला म्हणाला, “अण्णाराव, नवीन माणूस येतं आन् कुणी बोलतच न्हाई त्याच्याशी. गप बसून राहतं बिचारं. तुम्ही रिकामेच हाव, जरा बघा की.” त्यातला रिकामा हा शब्द मी सोडून दिला आणि त्या दिवसापासून स्वागतप्रमुख झालो. पंढरीनं पद दिलं नव्हतं. ते माझं मीच लावून घेतलं.

मला अक्षरं उशिरा आली. भूकंपानंतर आम्ही पत्र्याच्या शेडात राहत होतो, तिथं संध्याकाळी मोठ्या माणसांचा वर्ग भरायचा. पाटीवर पहिला अ काढला तेव्हा मिशा पांढऱ्या व्हायला लागल्या होत्या. अर्धं आयुष्य दोन शब्दांत काम भागवलेला माणूस मी, लिहायला लागलो तो थांबेचना. नव्या माणसासाठी मी लांबलचक मजकूर रचला. तालुक्यातल्या सत्कारांत ऐकलेलं सगळं त्यात घातलं. ‘व्यासपीठावरील मान्यवर’सुद्धा घातले. व्यासपीठ कुठं आहे, असं कुणी विचारलं नाही. शेवटी फेटा बांधलेला माझा फोटो.

आमच्याकडं नवीन माणूस आला की त्याचा सत्कार होतो. शाल, नारळ, हार. मोबाईलवर नारळ देता येत नाही, म्हणून मी नियम काढला: प्रत्येकानं नव्या माणसाला एक फूल पाठवायचं. ग्रुपात दोन-अडीचशे माणसं. लग्नात कुणाचा आहेर राहिला हे जसं बघतात, तसं मी बघायचो. कुणी चुकलं की फोन लावायचो, “साहेब, तुमचं फूल दिसलं न्हाई.” रेल्वेत नोकरी करणारे नांदेडचे एक साहेब तर माझ्या फोनच्या धास्तीनं ड्यूटीवरूनही फूल पाठवायचे. माझा समज असा, की त्यांना हे काम मनापासून आवडतं.

एका शुक्रवारी संध्याकाळी नवीन नाव आलं. नाझनीन, बिलोली. मी मजकूर सोडला आणि फुलं पडायला लागली. मध्येच त्या बाईंचा निरोप आलेला दिसला. माझं वाचणं बैलाच्या चालीचं. ‘सगळ्यांना’ एवढं वाचून होईस्तोवर तो निरोप फुलांखाली वर निघून गेला. सगळ्यांना म्हणजे सगळ्यांना धन्यवाद, दुसरं काय असणार, असं मी ठरवलं आणि माझ्याकडून वरून एक हार पाठवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर नाझनीन ग्रुप सोडून गेलेल्या.

“एवढं स्वागत केलं आन् बाई निघून गेली,” मी म्हणालो. “माणसांना मानपान झेपत न्हाई बघ.”

कस्तुराबाई ज्वारीचं पीठ चाळत होती. “काय म्हणली व्हती ती?”

“आभार मानले.”

“वाचलं का तुम्ही?”

“वाचल्यासारखंच.”

तिनं चाळणी खाली ठेवली. “मग आता वाचा. मोठ्यानं. मला न्हाई येत, पर ऐकू तर येतंय.”

मी अंगठ्यानं फुलं मागं सारायला लागलो. गुलाब, झेंडू, कमळ, परत गुलाब. याच अंगठ्यानं मी कधीकाळी सहीच्या जागी ठसे उमटवले होते. पण एवढं काम त्याला कधी पडलं नव्हतं. शेवटी निरोप सापडला. मी एकेक शब्द लावत वाचला.

‘सगळ्यांना सलाम. माझी मुलगी अर्शिया क्लासला आहे. मेसचं जेवण तिला सोसत नाही, सारखी आजारी पडते. स्वयंपाक करता येईल अशी खोली कुणाला माहीत आहे का? मी सोबत राहीन. उद्यापर्यंत नाही मिळाली तर दुपारच्या गाडीनं तिला परत घेऊन जाते. क्लास सुटेल, पण इलाज नाही.’

कस्तुराबाईनं वर बघितलं. मीही बघितलं. आमच्या डोक्यावर पत्र्याची एक खोली रिकामी होती. मालक वीरण्णांनी आठवड्यामागंच मला सांगितलं होतं, “अण्णाराव, तुमच्या त्या ग्रुपात कुणाला लागली तर कळवा.” मी कळवतो म्हणालो आणि फुलं मोजायला लागलो. खोलीत आता कस्तुराबाईनं नातीकडून टाकून घेतलेले सांडगे वाळत होते.

नाझनीनचा फोन लावला तर बंद. कस्तुराबाईनं भिंतीवरून मालकाला हाक मारली, माय-लेकीचं नाव-गाव सांगितलं आणि खोली धरून ठेवायला लावली. तोवर मी फेटा बांधायला लागलो.

“आता हे कशाला? तिथंबी सत्कार हाय का?”

“तिनं मला फोटोत बघितलंय. फेट्याशिवाय वळखायची कशी?”

“बांधा,” ती म्हणाली. “निदान लोक तरी हसतील.”

लोक हसले. आम्हा दोघांना बसस्थानकावर नेणाऱ्या रिक्षावाल्यानं विचारलं, “बाबा, वरात कुणाची?” बसस्थानकात एक म्हातारा मला नवरदेवाचा मामा समजून जेवण कुठं आहे ते विचारून गेला. बिलोलीला जायला नांदेडची गाडी धरावी लागते. तिच्या फलाटावर गाडी लागलेली होती आणि गर्दी दाराला चिकटली होती. त्या गर्दीतून एका सुकलेल्या चेहऱ्याच्या पोरीनं माझ्याकडं बोट केलं. “अम्मी, ते बघ, फुलंवाले.”

तिच्या आईनं वळून बघितलं. पायाशी पुस्तकांची बॅग आणि पोत्यात गुंडाळलेली गॅसची शेगडी होती.

“तुम्हीच का ते चाचा?” ती म्हणाली. “काल एका घरमालकाचा फोन यायचा होता मला. तुमच्या फुलांनी फोन सारखा वाजून राहिला, शेवटी ग्रुपच सोडला. चार्जर मैत्रिणीकडं राहिलेला. बॅटरी संपली, आणि त्यांनी खोली दुसऱ्याला दिली.”

मी रिक्षात भाषण तयार केलं होतं. “सर्वप्रथम,” मी सुरुवात केली.

“गप बसा हो,” कस्तुराबाई म्हणाली आणि पुढं झाली. “बाई, आमच्या वर खोली हाय. पत्र्याची. शेगडी मांडता येती. बघायची का?”

नाझनीननं विचारलं, “मालकाला आमचं नाव सांगितलंत?”

“सांगितलं की. त्यो म्हणला, पाणी जपून वापरा म्हणावं. टँकर वेळंवर येत न्हाई.”

कंडक्टरनं घंटी दिली. अर्शिया आईच्या तोंडाकडं बघत होती. नाझनीननं गाडीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

“चाचा, पत्रा उन्हाळ्यात लई तापत असेल.”

“तापतो,” मी म्हणालो. “पण आम्हा भूकंपवाल्यांना पत्र्याखालीच झोप लागती. वरची खोली मीच मागितली होती. हिचे गुडघे जिना चढत न्हाईत, म्हणून खालच्या स्लॅबखाली जीव मुठीत धरून झोपतो.”

ती हसली आणि बॅग उचलली. गाडी गेली. शेगडी मी डोक्यावर घेतली. फेट्याची चुंबळ चांगली होते, एवढं त्या दिवशी कळलं.

संध्याकाळी कस्तुराबाई खालूनच ओरडली, “नाझनीन, चूल पेटली का?”

ते ऐकून मी हातातला मोबाईल खाली ठेवला. शेडात आम्ही राहायला गेलो तेव्हा ओळीत सगळी अनोळखी माणसं होती. पहिल्या दिवशी पुढारी येऊन भाषणं करून गेले, ती एकही आठवत नाहीत. मग शेजारची केवळाबाई पत्र्याच्या तुकड्यावर निखारे घेऊन दारात उभी राहिली आणि एवढंच म्हणाली, “चूल पेटली का?” तिचं नावसुद्धा आम्हाला नंतर कळलं.

मी माझा तो लांबलचक मजकूर पुसून टाकला. पुसायला जीवावर आलं, एकेक वेलांटी मेहनतीची होती. त्या जागी लिहिलं, ‘या. चूल पेटली का? काय लागतं ते सांगा.’ आणि ग्रुपाला नवीन नियम सांगितला: माणसाच्या प्रश्नाला उत्तर मिळेस्तोवर फुलं बंद.

पुढच्या आठवड्यात एक नवे गृहस्थ आले. त्यांनी लिहिलं, ‘आमच्याकडे इंडक्शन आहे. मुलाला ताप आहे, जवळ डॉक्टर कोण?’ परत ग्रुपात आलेल्या नाझनीननं वरच्या खोलीतून सगळ्यांच्या आधी उत्तर दिलं. मागोमाग पंढरीनं पत्ता टाकला. मी अजून ‘इंडक्शन’ वाचत होतो.

एवढ्यात सवयीनं नांदेडच्या साहेबांचं फूल येऊन पडलं.

मी लगेच फोन लावला. “साहेब, तुमचं फूल दिसलं. उचला ते.”