धाकू माझ्यातून उठला

मित्रांनो, मी येताना कुईं कुईं असा जो आवाज येतो, तो माझ्या उजव्या चाकाचा. हसायचे असेल तर हसून घ्या, मी रागावणार नाही. मी एक जुनी चाकांची खुर्ची आहे. सर्वण गावच्या मंडळाच्या खोलीत, ताडपत्री आणि समयांच्या पेटीशेजारी माझा मुक्काम असतो. आमच्याकडे खुर्चीला कदेल म्हणतात, म्हणून लहानथोर सगळे मला 'चाकांची कदेल' याच नावाने ओळखतात.

माझा जन्म मात्र पेडण्याकडचा. गोवा मुक्त होऊन पंचवीसेक वर्षे झाली होती आणि तुये गावात कारखान्यांच्या शेडी नव्याने उभ्या राहत होत्या. त्यातल्या एका शेडीत महादेव नावाचा वेल्डर खिडक्यांचे गज आणि लोखंडी खाटा बनवीत असे. डिचोलीच्या बाजारातले बाबुराव त्याच्याकडे आले. त्यांचे वडील पडून जायबंदी झाले होते आणि त्यांना रस्त्यावरची वर्दळ बघितल्याशिवाय जेवण जात नव्हते. महादेवने आयुष्यात कधी असली खुर्ची केली नव्हती. त्याने मागे सायकलची दोन चाके लावली, पुढे हातगाडीची दोन बारकी चाके लावली आणि पाठीला हिरवे रेक्झिन मारले. मग स्वतःच माझ्यात बसून त्याने शेडीत तीन फेऱ्या मारल्या. पुढच्या चाकात त्याचे बोट सापडले तेव्हा त्याने मला पहिली शिवी दिली. ती मी अजून विसरलेले नाही.

बाबुरावांच्या वडिलांनी माझ्यात बसून चार वर्षे डिचोलीचा बाजार बघितला. ते गेल्यावर बाबुरावांनी मला सर्वणच्या मंडळाला देऊन टाकले, कारण सर्वण हे त्या म्हाताऱ्याचे आजोळ. तिथे माझे दिवस खरे बहरले. कोणाचा पाय मोडला, कोणाला मतदानाला न्यायचे असले, कोणाच्या आजीला नातीच्या लग्नात पहिल्या रांगेत बसायचे असले की माझी आठवण व्हायची. मला बघून लोक वाट करून देत. मीही हरभऱ्याच्या झाडावर चढले. मधली काही वर्षे मंडळाने माझ्यावर लाऊडस्पीकरचे खोके ठेवले, एका कोंबडीने माझ्या मांडीवर अंडी उबवली, पण माझा तोरा काही उतरला नाही.

तो तोरा सगळ्यात जास्त वाढवला बाबलीने. बाबली हा आमच्या गावातला छोट्या टेंपोचा मालक, जीभ चालू आणि डोके त्याहून चालू. त्याची आई चंद्रावती हिची पेन्शन एका कचेरीत अडकली होती. बाबलीने सात खेपा घातल्या. आठव्या खेपेला त्याने धडधाकट आईला माझ्यात बसवले आणि अंगावर गोधडी घातली. साहेब जागेवरून उठले आणि त्याच दिवशी सही झाली. तेव्हापासून बाबली गावभर सांगत सुटला, "सायबाच्या फुडे धडधाकट गेलो तो फसलो!" गावालाही ते पटले. कचेरीत जाताना आजारी दिसावे, हा आमच्याकडे नियमच होऊन बसला. आणि मला वाटू लागले की सही पेनाने होत नाही, माझ्यामुळे होते.

आता मुख्य गोष्ट ऐका.

बाबलीचा मामा धाकू. मूळचा सिंधुदुर्गाकडचा, पण तरुणपणी खाणीवर ट्रक चालवायला म्हणून आला तो इकडचाच झाला. मुळगावच्या खाणींवर त्याने चाळीस वर्षे ट्रक चालवला. खाणी बंद पडल्यावर घराखालच्या तुकड्यात मिरची आणि तांबडी भाजी लावू लागला. मग खोकला लागला, तो हटेना, आणि तपासणीत फुप्फुसाचा कर्करोग निघाला. वर्षभर औषधे झाली. पुढे ती औषधे चालेनाशी झाली. पणजीच्या बाजूच्या एका मोठ्या इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी त्याला सांगितले, की एका नव्या औषधाची चाचणी चालू आहे. ती चाचणी सगळ्यांना खुली नसते, काही अटींत बसावे लागते आणि जागा थोड्याच उरल्या आहेत. धाकूने घरी येऊन बायकोला, शेवंतीला, एवढेच सांगितले, "माका अजून जगाचा असा गो." शेवंतीने पदराने डोळे पुसले आणि ती बाबलीकडे गेली. गावात अडले घोडे बाबलीकडेच जायचे.

बाबलीने लगेच मला मागून आणले. धाकूला चार दिवस दाढी करू दिली नाही. जुना सदरा, कानटोपी, अंगावर शाल. "मामानू, तुमी कायएक बोलू नकात. खाली बघान बसा. बोलाचा ता मी बोलतंय." धाकू कुरकुरला, पण जिवाची आशा मोठी. तो बसला.

डॉक्टरीणबाईंच्या खोलीत मी ऐटीत शिरले. त्यांनी आधी कागद बघितले. रक्त ठीक होते, मूत्रपिंडे ठीक होती, गाठीचा रिपोर्ट चाचणीला हवा तसाच होता. त्यांचा चेहरा उजळलेला मी बघितला. मग त्यांनी माझ्याकडे बघितले आणि कागद बाजूला ठेवले.

"घरात चालता का, बाबा?"

"खयचे चलतत!" बाबली म्हणाला.

"आंघोळ स्वतः करता?"

"मामी पुसून काढता."

"दिवसभर काय करता?"

"बिछान्यात असतत. कुशीक वळाक पण माणूस लागता, डॉक्टर."

डॉक्टरीणबाई प्रत्येक उत्तर लिहीत होत्या आणि बाबलीचा आवाज वाढत्या उत्साहाने अधिकच रडवेला होत होता. मीही मनात म्हटले, झाली आता सही. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवले आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मला वाईट वाटते. हे औषध अंगाला जड जाऊ शकते. म्हणून अट अशी आहे, की रुग्ण आपल्या पायांनी चालणारा, आपले आपण करणारा हवा. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला चाचणीत घेणे हा त्याच्यावर अन्याय होईल. धाकूबाबांना घेता येणार नाही."

मित्रांनो, माझी चारही चाके जमिनीत रुतल्यासारखी झाली. इतकी वर्षे मी ज्या गोष्टीचा डौल मिरवला, तिनेच एका माणसाचे दार बंद केले होते. बाबलीचे तोंड उघडेच राहिले. शेवंतीने माझा दांडा घट्ट धरला.

धाकूने मान वर केली. "डॉक्टरीणबाय, म्हणजे चलणारो माणूस व्हयो?"

"हो, बाबा."

त्याने शाल काढून माझ्या पाठीवर टाकली, कानटोपी खिशात घातली आणि हाताचा आधार न घेता तो माझ्यातून उठला.

"मगे मी चलतंय. रोज सकाळी विहिरीचा पाणी काढून मिरचेक घालतंय. अर्धोच कळसो नेतंय. दम लागता, बांधार बसतंय, परत उठतंय. ह्या कदेलीत आयुष्यात आज पयल्यांदा बसलंय."

डॉक्टरीणबाई आनंदाने टाळ्या वाजवतील असे मला वाटले होते. त्या भयंकर चिडल्या. "मग मघापासून मी काय लिहीत बसले? हे नाटक कशासाठी? आता मी कोणाचे खरे धरू?"

"माझा धरा, बाय," शेवंती पुढे आली. ती एरवी चारचौघांत बोलत नाही, पण त्या दिवशी थांबली नाही. नवरा किती वाजता उठतो, दुपारी किती वेळ पडतो, घरचा चढ चढताना दोनदा कसा थांबतो, सगळे तिने सांगितले. एकही गोष्ट वाढवली नाही की कमी केली नाही. आणि शेवटी घुटमळून म्हणाली, "आणि एक सांगतंय. पेडण्याच्या एका वळखीच्या माणसान मुळयेचो काढो दिलेलो असा. रोज सकाळी घेतत."

"मामी!" बाबलीने कपाळावर हात मारला. जमत आलेले पुन्हा फिसकटले असे त्याला वाटले, आणि खरे सांगायचे तर मलाही तसेच वाटले.

डॉक्टरीणबाईंचा आवाज मात्र खाली आला. "हे सांगितलेत ते फार बरे केलेत. काढा आणि हे औषध एकत्र पोटात गेले असते, तर काय बाधले ते आम्हालाही कळले नसते." त्यांनी मघाचे लिहिलेले एका रेघेने खोडले, बाजूला सही केली, तारीख घातली. मग धाकूच्या बोटाला रक्तातला प्राणवायू मोजणारा एक चिमटा लावून त्याला बाहेरच्या लांब व्हरांड्यात सहा मिनिटे चालायला लावले. मी दारात रिकामी उभी होते. तो जाई, वळे, येई. पाचव्या मिनिटाला त्याचा श्वास वाजू लागला, पण पाय थांबले नाहीत. माझ्या पाठीवर शाल तशीच लोंबत होती आणि ती उचलायचे कोणालाही भान नव्हते.

"चालणे अटीत बसते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "काढा आजपासून बंद. पंधरा दिवसांनी रक्त पुन्हा बघू. सगळे ठीक असेल तर घेऊ. पण जागा मी राखून ठेवू शकत नाही, आणि आता एकच उरली आहे."

परत येताना धाकू टेंपोत पुढे बसला. म्हापसा मागे पडल्यावर बाबली म्हणाला, "मामानू, माझा चुकला."

"तू माझ्यासाठीच केलंस रे. माका म्हायत असा," धाकू म्हणाला.

बाबलीला मला परत द्यायची लाज वाटली, म्हणून ते पंधरा दिवस मी धाकूच्या ओट्यावर काढले. काढ्याची बाटली त्याने माडाच्या मुळात ओतली. शेवंती माझ्या बैठकीवर सूप ठेवून मिरच्या वाळवी. धाकू सकाळी अर्धा कळसा घेऊन माझ्यासमोरून जाई आणि मी त्याची पावले मोजी. इतकी वर्षे मी माणसांची वाट बघत होते, कधी कोण पडेल आणि मला बोलावेल. त्या पंधरा दिवसांत मात्र मी देवाकडे एकच मागणे मागितले, की हा माणूस पुन्हा माझ्यात बसू नये.

सोळाव्या दिवशी पहाटे नवरा-बायको निघाली. "कदेल घेवया?" असे कोणी विचारलेसुद्धा नाही. दिवसभर मी ओट्यावर होते. संध्याकाळी चंद्रावती भावाची बातमी विचारायला आली आणि पायरीवर बसून राहिली. शेवटी चढावर दोघे दिसले. धाकू एकदा थांबला, दुसऱ्यांदा थांबला. हातात पावाची पिशवी होती. शेवंतीचे तोंड हसरे होते, त्यावरून मी ओळखले.

"घेतल्यांनी माका," तो म्हणाला.

"म्हणजे आता बरो होतलंस मरे?" चंद्रावतीने विचारले.

"ता कोणाक म्हायत नाय. माका नवा औषध मिळात का सध्या सगळ्यांक देतत ता, ताय चिठ्ठी टाकल्यासारखा ठरता, डॉक्टरच्या हातात नाय. नको वाटला तर खयच्याय दिवशी सोडून येवक मी मोकळो. सगळा वाचून दाखवल्यांनी, मगेच सही केलंय." तो पाव मोडत मोडत बोलत होता. "बघूया. मिरचेक फुला धरली हत, तोवर ता करूया."

चंद्रावतीला पुरते समजले नसावे. पण भाऊ पोटभर जेवतो आहे एवढे तिला दिसले आणि ती समाधानाने घरी गेली.

मित्रांनो, माझी एक विनंती आहे. मला जपा, कोरड्या जागी ठेवा आणि ज्याचे पाय खरोखर थकले आहेत त्याच्यासाठी मला मोकळी राहू द्या. आणि वैद्याच्या समोर जाताना आहात तसे जा. अंगात जेवढे बळ आहे तेवढेच सांगा, पोटात काय घेता तेही सांगा. दुखणे वाढवून सांगितले तर दया मिळेल, पण औषध चुकेल. हे मला फार उशिरा कळले आणि एका माणसाला ते जवळजवळ महाग पडले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी धाकू मला घेऊन मंडळाच्या खोलीकडे निघाला. माझी बैठक रिकामी होती आणि मागे दांड्यावर त्याचे दोन्ही हात होते. तो सावकाश ढकलत होता, मध्ये मध्ये दम खात होता. वाटेत कोणी तरी हाक मारली, "धाकू, कदेल घेवन कोणाक आणूक चल्लंस?"

"कोणाक नाय रे," तो म्हणाला. "परत करूक चल्लंय."