आमेनच्या आत घुसवलेला ठराव

माझा पुतण्या धवल आशीर्वाद होईपर्यंत देवळात कधी थांबत नाही. शेवटचं गीत सुरू झालं की हा बाहेर, गाडीला किक. त्या रविवारी मात्र हा शहाणा पाळकांच्या शेजारी कागद घेऊन उभा! तेव्हाच मला शंका आली.

मध्य प्रदेशातल्या धारची आमची लूथरन ख्रिस्ती मंडळी लहानशी. देवळाची जागा आमच्या यांच्या नावावर होती, हे गेल्यावर माझ्या नावावर आली. ती मला मंडळीला द्यायची होती. पण वकील म्हणाला, आधी मंडळीची नोंदणी करा. सात जणांच्या सह्या, नियमावली, आणि तिला सभेचा होकार. धवल पळापळ करायला पुढे आला. नियमावली हिंदीत. मला वाचता येते ती थोडीफार मराठीच. विचारलं तर म्हणे, "काकू, टेन्शन मत लो."

आमच्याकडे होकाराला हात वर करत नाहीत. उभा तो राजी, बसला तो नाराज. ही बापजाद्यांची रीत.

पाळक बळवंतरावांनी आशीर्वाद दिला. आम्ही सगळे उभेच होतो, आमेन ओठांवरच होतं, तेवढ्यात धवल ओरडला, "भिया लोग, बसू नका! नियमावली पास करायचीय." आणि भराभरा वाचत सुटला. "सगळे उभे आहेत. पास!"

"थांब रे," मी म्हणाले. "ते जमिनीचं काय होतं? ऋतिका, तू वाच."

नातीने कागद ओढून घेतला. वाचता वाचता तिने एका ओळीवर बोट ठेवलं. "आजी, अध्यक्ष आजीवन धवलकाका. आणि जमीन ते एकट्याच्या सहीने विकू शकतात."

सगळे उभेच राहिले. अर्धे लोक त्याच्या दुकानात कामाला. पाळक जमिनीकडे बघत होते. मी बाकावर बसले. एकटीच.

"एक नाराज. चलता है," धवल हसला.

मग पाळकांची बायको जानकीबाई बसली. ऋतिका बसली. मागचा बाक करकरला, मग त्याच्या मागचा. शेवटी पाळकही खुर्चीत टेकले.

धवलचं तोंड उतरलं. "काकू, नोंदणी अडकली तर तुमच्या मागे हे देऊळ कोर्टात जाईल. मग रडू नका."

"मेल्यावर कोण रडतंय? ऐक, धवल. नोंदणी होणार, जागाही मी देणार. पण देवापुढे उभ्या राहिलेल्या माणसांना तू स्वतःपुढे उभं धरलंस. त्या सात सह्यांत तुझी सही नसेल."