बंद करून चालू

डॉक्टरांनी मला केबिनमध्ये बोलावलं तेव्हा चहा मागवला होता. चहा मागवला म्हणजे बातमी वाईट, हे आमच्या हॉस्पिटलात झाडूवालीपासून सगळ्यांना ठाऊक आहे.

"मॅडम, ऑडिटवाले कागज माँगते हैं," ते म्हणाले. "डेटाबेस कौन सँभालता है, उसका सर्टिफिकेट. आपका तजुर्बा मैं जानता हूँ. पर उनको तजुर्बा दिखाऊँ कैसे?"

आता अनुभव काय फोटो काढून दाखवायचा? गोंदियाच्या या हॉस्पिटलात पहिल्या पेशंटचं नाव कम्प्युटरमध्ये चढलं ते माझ्या बोटांनी. ओपीडीची चिठ्ठी, लॅबचे रिपोर्ट, औषधांचा साठा, डिस्चार्ज, सगळं एका सर्व्हरमध्ये, आणि तो सर्व्हर चौदा वर्षं माझ्या ताब्यात. माझं नाव दुर्गेश्वरी आहे हे निम्म्या लोकांना ठाऊकही नाही. ते मला 'सर्व्हरवाली मॅडम' म्हणतात. आणि आता म्हणे कागद दाखवा!

कागद अश्विनजवळ होता. अश्विन माझा असिस्टंट, तिरोड्याकडचा. नागपूरला खोली करून राहिला, अभ्यास केला, सर्टिफिकेट घेतलं आणि वर्षभरापूर्वी आमच्याकडे लागला. बोलायला शांत, कामाला बरा. पण डॉक्टरांना दोन माणसं परवडत नव्हती. ऑडिटच्या आधी माझं सर्टिफिकेट आलं तर जागा माझी. नाही आलं तर अश्विनची, आणि मी रिसेप्शनवर चिठ्ठ्या फाडायला. हे सगळं ते इतक्या गोड आवाजात बोलले की मी चहा संपवूनच उठले. बाहेर आल्यावर तळपायाची आग मस्तकात गेली.

परीक्षेचं पुस्तक आणलं. वाचत होते आणि चिडत होते. सर्व्हर अडला तर आधी सगळ्या डेटाची प्रत दुसरीकडे काढा, मगच त्याला हात लावा, असं त्यात पानोपानी. अरे बाप्पा! खिडकीवर माणसं बोंबलत असताना कोण प्रती काढत बसेल? माझी पद्धत साधी. सर्व्हर अडला, बंद केला, थोडं थांबले, चालू केला. दर वेळी उठला. "मॅडमचा हात लागला का उठतेच," असं आमचा शिपाई बकाराम म्हणायचा, आणि मलाही ते खरं वाटायचं.

पण जीव थाऱ्यावर नव्हता. भाजीत मीठ दोनदा पडायचं. आमगावहून गोंदियाला जाताना गाडीत पुस्तक उघडायचे आणि एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचायचे. ऑफिसात अश्विन नुसता माझ्या खुर्चीच्या मागून गेला तरी वाटायचं, हा खुर्चीचं माप घेऊन राहिला. तो बिचारा प्रिंटरकडे जात असायचा.

पेपर घरूनच द्यायचा होता, लॅपटॉपवर. कुठूनतरी एक अनोळखी माणूस कॅमेऱ्यातून पूर्ण वेळ पाहणार. खोलीत दुसरं कोणी आलं की पेपर रद्द. तोंडातून शब्द निघाला, रद्द. फोन दिसला, रद्द. आणि हे आमगावात! आमच्याकडे दाराला कडी लागते ती झोपताना. शेजारीण वाटी घेऊन सरळ गॅसपर्यंत येते, दूधवाला आत येऊन स्वतःच भांडं शोधतो.

म्हणून माझ्या सुट्टीचा रविवार घेतला. हॉस्पिटल रविवारीही चालू, पण तिथे अश्विन होता. माझा नवरा ओमेश, त्याचं बियाणं-खताचं दुकान आहे, त्यानं दुकान बंद ठेवलं आणि खोलीच्या दाराबाहेर खुर्ची टाकून बसला. माझा फोन बंद केला, त्याचाही बंद करायला लावला. हा माणूस फोनवर बोलतो तेव्हा रेल्वे स्टेशनावरच्या लोकांनाही ऐकू जातं. सासूबाई, म्हणजे सुमित्राबाई, दारातून डोकावल्याच.

"काऊन वं, कोन पाहून राहिला तुले?"

"परीक्षा घेणारा, आई."

"बाई हाय का मानूस?"

"माहीत नाही."

"मंग पदर घे डोक्यावर," असं म्हणून त्या गेल्या. मी ड्रेस घातला होता. पदर कुठून आणू?

पेपर सुरू झाला. प्रश्न ओळखीचे होते. अर्ध्या वाटेवर तो प्रश्न आलाच. सर्व्हर अडला आहे, डिस्कवरून वाचताना चुका येत आहेत, पहिलं पाऊल कोणतं? चार पर्याय. त्यात एक होता, बंद करून पुन्हा चालू करणे. एक होता, आधी प्रत काढणे. मी मनातल्या मनात त्या पुस्तकवाल्याला शिवी घातली आणि प्रत काढण्यावर खूण केली. मार्क पाहिजे होते ना! माझं मन काय म्हणते हे कोण विचारून राहिलं होतं?

पुढच्या प्रश्नावर होते तोच अंगणात मोटरसायकल थांबली.

"मॅडम! ओ मॅडम!"

बकारामचा आवाज.

"हळू बोल गा!" ओमेश बाहेरून दबक्या आवाजात ओरडला. "पेपर चालू हाय. आवाज गेला त रद्द होते."

"फोन काऊन बंद करून ठेवले तुमी दोघांनी? सर्व्हर बसला ना! ओपीडीत लोकं अंगावर धावून येऊन राहिले. लॅबचा एक रिपोर्ट निघत नाही. गोंदियावरून पळत आलो मी."

"अंदर जाता येत नाही, सांगतलं ना."

"नका जाऊ देऊ! मी इथूनच विचारतो." आणि तो दाराला तोंड लावून बोलला असणार, कारण पुढचं मला माझ्या कानात बोलल्यासारखं ऐकू आलं. "मॅडम, अश्विन सर विचारून राहिले, बंद करून चालू करू का म्हनून. तुमी नेहमी करता तसा. फक्त हाव म्हना, नाही त नाही म्हना. दुसरं काही नाही पायजे."

एक शब्द. हाव.

खरं सांगते, त्या क्षणी मला लोकांची काळजी नंतर वाटली. आधी बरं वाटलं. पाहा म्हटलं, सर्टिफिकेट भिंतीवर टांगून बसलेला माणूस विचारतो कोणाला? मला! बटन दाबायलाही त्याला माझी परवानगी लागते. डॉक्टरला आता समजू दे, तजुर्बा काय असतो ते.

आणि 'हाव' अगदी जिभेवर आला. ओठ उघडलेसुद्धा. स्क्रीनवर चौकोन उमटला. बाहेरून आवाज येत आहेत, त्यात ओठ हलवू नका, ही शेवटची सूचना आहे.

मी तोंड मिटलं. बाहेर बकारामचा फोन वाजला. "नाही सर, मॅडम बोलून नाही राहिल्या," तो सांगत होता. "आता का करू, दार तोडू का?" मग सासूबाईंचा आवाज, त्या त्याला पाणी देत होत्या आणि वर रागवतही होत्या. माझ्या पायांना एका जागी थांबवत नव्हतं. उठून दार उघडावं, 'हाव' म्हणून ओरडावं आणि हा पेपर जाऊ द्यावा चुलीत, असं वाटायचं. मग रिसेप्शनची खिडकी दिसायची आणि मी पुन्हा प्रश्नाकडे पाहायचे. किती प्रश्न मी नुसते अंदाजानं सोडवले, देवाला माहीत.

शेवटचं बटन दाबलं. पास. लगेच दिसलं, पास. हसू आलं नाही, रडू आलं नाही. मी दार उघडलं, ओमेशला म्हटलं, "झाली," आणि तशीच बकारामच्या मागे बसले.

रस्ताभर तो एक शब्द बोलला नाही. बकाराम गप्प बसला म्हणजे तो फारच चिडला होता. मी मागे बसून अश्विनला काय काय बोलायचं ते ठरवत होते. साधं बंद करून चालू करता आलं नाही का रे, एवढा शिकलास तर? आणि, आता लपवण्यात काय अर्थ, मला आतून वाटत होतं की सर्व्हर अजून बसलेलाच असावा. मी जावं, हात लावावा आणि सगळ्यांसमोर तो उठावा. लोक ताटकळत असताना माझ्या मनात हे चाललं होतं.

हॉस्पिटलात पोहोचले तर खिडकीवर रांग नेहमीसारखी सरकत होती. चिठ्ठ्या निघत होत्या. लॅबवाली अल्का रिपोर्ट हातात घेऊन नावं पुकारत होती. माझ्याकडे कोणी पाहिलंही नाही.

सर्व्हरच्या खोलीत भुपेंद्र बसला होता. तो आमचं हार्डवेअर दुरुस्त करतो. त्याच्या मांडीवर सर्व्हरमधून काढलेली डिस्क होती.

"मॅडम, बच गए," तो म्हणाला. "ये डिस्क मरने को आई थी. जब तक चालू थी तब तक चालू थी. एक बार बंद करते ना, तो दुबारा उठती नहीं. नई-पुरानी सब एंट्री साफ."

"बॅकअप होता ना," मी म्हटलं.

"उसी पे पड़ा था." म्हणजे बॅकअपही त्याच डिस्कवर. ती सोयही माझीच. वेगळ्या जागेची कटकट मी कधी ठेवली नव्हती.

मी भिंतीला टेकले. अश्विन कोपऱ्यात उभा होता, शर्ट घामानं भिजलेला. त्यानं सर्व्हर चालू ठेवून डेटाची प्रत काढली होती, मग ती दुसऱ्या मशीनवर चढवली होती. दोन तास. तेवढ्यात एका पेशंटच्या भावानं त्याची कॉलर धरली होती, हे मला नंतर अल्कानं सांगितलं.

"मी बंदच करनार होतो मॅडम," तो हळूच म्हणाला. "तुमी करता तसं. चुका दिसत होत्या, पुस्तकात वेगळं होतं, पन वाटलं, मॅडमचा अनुभव हाय. म्हनून बकारामले धाडलं. तुमी हाव म्हटलं असतं त मी बटन दाबलंच असतं. तुमी बोलल्या नाही, ते बरं झालं."

अडीच तासांपूर्वी मी त्याच प्रश्नाला बरोबर उत्तर दिलं होतं. खूण केली एकावर आणि तोंडात होतं दुसरंच. पुस्तक वाचलं नसतं तर आज मी भुपेंद्रला खोटं पाडलं असतं, अश्विनलाही झापलं असतं आणि घरी जाऊन शांत झोपले असते. आता समजत होतं, हेच मोठं दुखणं.

डॉक्टरांनी दोघांनाही बोलावलं. चहा नव्हता. ते खूश होते.

"पास हो गईं, मॅडम? बढ़िया! अश्विनने भी आज अच्छा सँभाला, आपने सिखाया है आखिर. तो ऑडिट में नाम आपका. अश्विन, तेरे लिए नागपुर में बहुत नौकरी है, मैं बात करता हूँ."

अश्विन खाली पाहत राहिला. मला झाकून घेत होता तो! माझ्या हातून काय झालं असतं ते त्याला माहीत, भुपेंद्रला माहीत, आणि हा मान खाली घालून माझी लाज राखत होता. काल आलेला मुलगा माझ्यावर दया करतो? माझं डोकं सणकलं.

"सर, मी यांना काही शिकवलं नाही," मी म्हटलं. "यांनी विचारलं तेव्हा मला बोलता आलं असतं तर मी बंद करायला सांगितलं असतं. आणि आज तुमच्या हॉस्पिटलात एका पेशंटचं नावही उरलं नसतं."

डॉक्टर हसले. "मॅडम मजाक करती हैं."

"मजाक नाही. भुपेंद्रला विचारा."

त्यांचं हसू गेलं. त्यांनी उठून दार लोटलं. "ये बात यहीं छोड़ दीजिए," ते हळू म्हणाले. "आपके पास अब कागज भी है, चौदह साल भी हैं. घर आमगांव में है, सास हैं. ये तो लड़का है, कहीं भी जाएगा. आपको जगह चाहिए थी ना? मिल गई."

मिळाली होती. महिनाभर जिच्यासाठी माझी झोप उडाली ती जागा टेबलावर समोर होती, नुसतं 'हो' म्हणायचं होतं. आणि मला वाटलं, मी हो म्हटलं तर रोज त्या खुर्चीत बसून मला वाट पाहावी लागेल, मशीन कधी अडते आणि माझा हात कुठे जातो त्याची.

"नाव अश्विनचं लिहा," मी म्हटलं.

"और आप?"

याचा मी विचारच केला नव्हता. रिसेप्शनची खिडकी डोळ्यांसमोर आली. "मी त्याच्या हाताखाली करते. असिस्टंटचा पगार द्या. लागलं तर अर्धा दिवस खिडकीवर बसते. पण काम मला शिकायचं आहे, नव्यानं."

डॉक्टर अश्विनकडे वळले. "तू बोल. रखेगा मॅडम को?"

मला वाटलं आता हा म्हणेल, असं कसं सर, मॅडम मोठ्या आहेत. तो तसाच आहे, मऊ. त्यानं मान वर केली आणि पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ पाहिलं.

"हाव, ठेवतो," तो म्हणाला. "पन मॅडम, मशीनले हात लावाच्या आंधी मले विचाराचं. दर वेळी."

बाहेर बकाराम ऐकत उभा होता, हे मला दाराच्या फटीतून दिसत होतं. मला इतका राग आला की कान तापले. चौदा वर्षांत मला असं कोणी बोललं नव्हतं.

"हाव," मी म्हटलं.