पाहुण्यापुढची साय

नफूसानं म्हशीला झोपायच्या खोलीत ढकललं, तोंड चालू राहावं आणि हंबरू नये म्हणून पुढ्यात हिरवं बरसीम टाकलं, दार ओढून घेतलं आणि दाराला खाट लावली.

यात फायदा काय, हे तिच्या आजोबांनीच सांगून ठेवलं होतं: सरकारला दिसलं ते सरकारचं, न दिसलं ते आपलं. आजोबांचा उंट सरकारनं कालव्याच्या कामाला नेला होता, 'परत देतो' म्हणून. ही नफूसाच्या जन्माआधीची गोष्ट. पण उंट अजून वाटेत असावा, अशा रागानं ती सांगायची. आणि म्हैस म्हणजे तरी काय? नवरा मातीत, दोघे मुलगे कुवेतला. सकाळी 'उठलीस का गं' विचारायला घरात तेवढीच उरली होती.

दारात जनावरांचा सरकारी डॉक्टर उभा होता. नाईल समुद्राला मिळते तिकडचा, दमियातचा. खांद्याला लशीची पेटी.

"मावशी, पलीकडच्या गावात घटसर्प आलाय. म्हैस असेल तर टोचून घ्या. फुकट आहे."

फुकट म्हटल्यावर तर तिची खात्रीच पटली.

"म्हैस? माझ्याकडे मांजर टिकत नाही, बाबा."

"म्हणजे नाहीच?"

"नवऱ्याच्या कबरीची शपथ."

तो वळला. ऊन डोक्यावर आलं होतं.

"थांब! उपाशी कुठं निघालास? हे दमियात नव्हे. तुमच्यात म्हणे पाहुण्याला विचारतात, जेवणार, की हलक्या पोटानं झोपणार?"

तो हसला. "आणि आमच्यात म्हणतात, तुम्हा दक्षिणेकडच्या सईदी माणसाचं डोकं भिंतीला आपटलं तर भिंतीला विचारावं, लागलं का बाई?"

"विचारावंच. चांगली रीत आहे."

तिनं उन्हात फुगवलेली भाकरी ठेवली, उसाची काकवी ठेवली, आणि वाडगाभर साय, सकाळचीच. ताट खाली टेकलं तेव्हा कुठं तिचं सायीकडे लक्ष गेलं. आता उचलणं म्हणजे पाहुण्याच्या तोंडचा घास काढणं. तिनं हात ओढणीत घेतले.

डॉक्टरनं सायीकडे पाहिलं, मग खाटेमागच्या दाराकडे.

"इथं आल्यापासून घरचं पहिल्यांदाच खातोय," भाकरी मोडत तो म्हणाला.

वाडगा त्यानं पुसून खाल्ला. हात धुतल्यावर पेटीच्या कडीवर बोट ठेवून थोडा वेळ बसला. मग कडी न उघडताच उठला.

"येतो, मावशी. अल्लाह बरकत देवो."

'एवढा शिकलेला, आणि साय ओळखू येईना,' कवाड लावताना ती स्वतःशीच हसली. 'उत्तरेकडचे!'

आठवडा सरायच्या आत म्हशीचा गळा सुजला. डॉक्टरला बोलवावं, तर कुठल्या म्हशीसाठी? नफूसा रात्रभर तिच्या मानेवर ओलं फडकं ठेवत बसली. पहाटे म्हैस गेली; शेजाऱ्यांनी तिला वाळवंटाच्या कडेला पुरलं.

डॉक्टर पुन्हा त्या गल्लीत आला, तेव्हा तिनं त्याला हाक मारून बसवलं. भाकरी आली, काकवी आली. झोपायच्या खोलीचं दार सताड उघडं होतं. भाकरीचा तुकडा हातात घेऊन तो ताटात काहीतरी शोधत राहिला.

"मावशी, त्या दिवशी मी..."

"त्या दिवशी तू पोटभर जेवलास. आज कोरडं आहे, चालवून घे."

"म्हैस..."

"म्हैस कधी होती माझ्याकडे?"

त्यानं मान खाली घालून भाकरी संपवली. शपथ राहिली, पाहुणचार राहिला, सरकारच्या हाती काही लागलं नाही. गेली ती फक्त म्हैस, जी नव्हतीच.